टीआरएनएमधल्या एका बदलाने जिवाणूचं जनुक-नियंत्रण कसं हलतं: प्रयोगाची मांडणी आणि निष्कर्ष

जिवाणूच्या टीआरएनए जनुकात एक अक्षर बदललं आणि एखादा ऑपेरॉन (एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांची रांग) पाचपट चढला. इथवर पोचायला फार कष्ट पडत नाहीत, कष्ट पुढे आहेत. टीआरएनए, म्हणजे तीन अक्षरांचा कोडॉन वाचून त्याचं अमिनो आम्ल रायबोसोमकडे आणणारा छोटा आरएनए, हा ट्रान्सलेशनच्या (प्रथिनं बनवण्याच्या) यंत्राचाच भाग. तो बिघडला की वाढ मंदावते, एमआरएनएचं आयुष्य बदलतं, उपासमारीचे संकेत सुटतात, आणि मोजमापासाठी लावलेलं रिपोर्टर प्रथिनसुद्धा त्याच बिघडलेल्या यंत्रातून बाहेर येतं. चढलेला आकडा नियंत्रणाचा की नुसत्या खोळंब्याचा, हे वेगळं काढणं म्हणजे खरं काम. खालची मांडणी याच प्रश्नाभोवती आहे. मुख्य उदाहरण ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या हिस ऑपेरॉनचं घेतलं आहे, कारण टीआरएनए आणि नियंत्रण यांचं नातं तिथे सगळ्यात उघड दिसतं.

हिस लीडर जवळून

हिस्टिडिन बनवणाऱ्या जनुकांच्या आधी एक छोटं लीडर पेप्टाइड येतं. लांबी १६ अमिनो आम्लं. क्रम असा: मेथिओनिन, थ्रिओनिन, आर्जिनिन, व्हॅलिन, ग्लुटामिन, फेनिलॲलनिन, लायसिन, मग ओळीने सात हिस्टिडिन, शेवटी प्रोलिन आणि ॲस्पार्टिक आम्ल. पेशीला या पेप्टाइडाचा उपयोग शून्य. उपयोग आहे तो रायबोसोम त्या सात कोडॉनांवर किती वेळ घालवतो याचा.

पुढे आरएनए पॉलिमरेज, मागे रायबोसोम, अशी जोडी चाललेली असते. चार्ज झालेला (अमिनो आम्ल चढलेला) हिस्टिडिन टीआरएनए भरपूर असेल तर रायबोसोम सात कोडॉन झपाट्याने ओलांडतो आणि आरएनएचा पुढचा तुकडा झाकतो. मग टर्मिनेटरची गाठ पडते आणि ट्रान्सक्रिप्शन तिथेच सुटतं. टीआरएनए कमी पडला तर रायबोसोम अडतो, तो पुढचा तुकडा उघडा राहतो, टर्मिनेटरच्या विरोधातली गाठ आधी बसते आणि पॉलिमरेज थेट ऑपेरॉनमध्ये शिरतं. यालाच ॲटेन्युएशन म्हणतात. एक बारकावा पुष्कळदा सुटतो: लीडरवर रायबोसोम चढलाच नाही तर ऑपेरॉन उघडत नाही, उलट टर्मिनेटरच बळावतो. म्हणजे ‘ट्रान्सलेशन मंद, म्हणून ऑपेरॉन चालू’ हे समीकरण चूक आहे. रायबोसोम कुठे अडला, यावर सगळं ठरतं.

हाच प्रकार इतर अमिनो आम्लं बनवणाऱ्या ट्रिप, फे, ल्यू, थ्र आणि इल्व्ह ऑपेरॉनांत दिसतो. ट्रिप लीडरमध्ये १४ अमिनो आम्लं, त्यांत १० व्या आणि ११ व्या जागी ट्रिप्टोफॅन. फे-ए च्या लीडरमध्ये १५ पैकी सात फेनिलॲलनिन. ल्यू लीडरमध्ये ओळीने चार ल्यूसिन.

बदल नेमकं काय मोडतो, ते आधी ठरवा

टीआरएनएच्या बाबतीत चार गोष्टी मोडू शकतात. एकाच फिनोटाइपला (वरून दिसणाऱ्या परिणामाला) चारही वाटा पोचतात, म्हणून फिनोटाइपवरून वाट ओळखता येत नाही.

पहिली वाट प्रमाणाची. साल्मोनेलाचे हिस-आर म्युटंट याचं जुनं उदाहरण. हिस-आर हे हिस्टिडिन टीआरएनएचं एकुलतं एक जनुक; या म्युटंटांत टीआरएनएचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि ऑपेरॉन उघडा पडतो. प्रवर्तकातला (जिथून ट्रान्सक्रिप्शन सुरू होतं त्या भागातला) बदल, आरएनेज-पी एंझाइमच्या छाटणीत अडथळा, किंवा घडी न बसणं, यांपैकी कशानेही प्रमाण घटतं. नीट घडी न बसलेल्या टीआरएनएला पेशी ३-प्राइम टोकाला ॲडेनिनची शेपटी लावते आणि तोडून टाकते. त्यामुळे ३० अंशांवर ठीक दिसणारा टीआरएनए ४२ अंशांवर गायब होऊ शकतो. दोन्ही तापमानांना मोजा.

दुसरी वाट चार्ज होण्याची. सिंथेटेज एंझाइम ज्या खुणांवरून आपला टीआरएनए ओळखतं, त्या खुणांवरच बदल पडला तर टीआरएनए असतो पण रिकामा असतो. हिस्टिडिन टीआरएनएची खूण म्हणजे ५-प्राइम टोकाला उणे एक या जागी असलेला जास्तीचा जी. ॲलनिन टीआरएनएची खूण म्हणजे ३ आणि ७० या जागांमधली जी-यू जोडी. या जागांना हात लावलात तर चार्जिंग मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी वाट वाचनाची. अँटिकोडॉन, म्हणजे ३४ ते ३६ या जागा, बदलला की वेगळाच कोडॉन वाचला जातो. पण अँटिकोडॉनला स्पर्श न करताही वाचन बदलतं. ट्रिप्टोफॅन टीआरएनएमध्ये डी-बाहूतल्या २४ व्या जागी जी ऐवजी ए आला की तोच टीआरएनए यूजीए हा थांबा-कोडॉनही वाचू लागतो. हा शोध १९७१ चा. ट्रिप लीडरचा थांबा-कोडॉन यूजीएच आहे, म्हणून हा सप्रेसर (थांबा-कोडॉन वाचून टाकणारा टीआरएनए) वापरताना रायबोसोम लीडरच्या पलीकडे सरकतो का, हेही तपासावं लागतं.

चौथी वाट रासायनिक सजावटीची. इथे म्युटेशन टीआरएनएच्या जनुकात नसतं, सजावट करणाऱ्या एंझाइमात असतं. हिस-टी हे अँटिकोडॉन बाहूत ३८, ३९, ४० या जागांवर स्यूडोयुरिडिन घडवणाऱ्या एंझाइमचं जनुक. साल्मोनेलाच्या हिस-टी म्युटंटांत हिस्टिडिन टीआरएनए पुरेसा असतो, नीट चार्जही झालेला असतो, तरी ऑपेरॉन उघडा. त्या टीआरएनएमध्ये स्यूडोयुरिडिन नाही, हे १९७२ मध्ये दाखवलं गेलं. टीआरएनए हजर, अमिनो आम्ल हजर, फक्त वाचन मंद. ल्यू आणि इल्व्ह ऑपेरॉनही यात हलतात, कारण त्यांचे टीआरएनएसुद्धा याच एंझाइमवर अवलंबून. मिआ-ए चे म्युटंट ३७ व्या जागेची सजावट गमावतात आणि त्यांच्यात ट्रिप ऑपेरॉन उघडतो.

स्ट्रेन निवडताना

क्लोनिंगच्या सवयीने डीएच५-अल्फा उचलू नका. त्यात स्वतःचाच सप्रेसर टीआरएनए आहे, जो यूएजी या थांबा-कोडॉनवर ग्लुटामिन घालतो, आणि रेल-ए सुद्धा बिघडलेलं आहे. रेल-ए हे एंझाइम रायबोसोममध्ये शिरलेला रिकामा टीआरएनए ओळखतं आणि पीपीजीपीपी हा संकेत बनवतं. हिस ऑपेरॉनच्या प्रवर्तकाला पूर्ण जोर याच संकेताने मिळतो. म्हणजे रेल-ए नसलेल्या स्ट्रेनमध्ये ॲटेन्युएशन उघडूनही आकडा कमी दिसेल.

सप्रेसरचा घोळ किती दूरवर जातो, याचा एक दाखला पुरे. ई. कोलाय के-१२ च्या काही वंशांत आरपीओ-एस या सिग्मा घटकाच्या ३३ व्या कोडॉनवर यूएजी आहे. सप्रेसर टीआरएनए असेल तर तो घटक बनतो, नसेल तर पूर्ण लांबीचा बनत नाही. स्थिर अवस्थेतली शेकडो जनुकं या घटकाकडे बघून चालतात. अशा वंशातून नुसता सप्रेसर काढलात तरी अख्खी नियंत्रण-व्यवस्था बदलते, आणि दोष भलत्याच टीआरएनएवर जातो. सुरुवातीलाच त्या कोडॉनचं सिक्वेन्सिंग करून घ्या.

के-१२ चा एमजी१६५५ हा स्ट्रेन बरा पाया आहे, पण त्याच्याही खोडी आहेत. त्यातलं इल्व्ह-जी फ्रेमशिफ्टमुळे मेलेलं आहे, त्यामुळे मिनिमल माध्यमात नुसतं व्हॅलिन घातलं की वाढ थांबते. व्हॅलिन घालायचंच असेल तर आयसोल्यूसिन सोबत घाला.

ट्रिप ऑपेरॉनवर काम करत असाल तर ट्रिप-आर (त्याचा रिप्रेसर) काढून टाकलेला स्ट्रेन घ्या. रिप्रेसरचा परिणाम साधारण ७० पट, ॲटेन्युएशनचा ८ ते १० पट. रिप्रेसर जागेवर ठेवला तर त्याच्या सावलीत ॲटेन्युएशनमधला दुपटीचा फरक दिसणारही नाही. हिस ऑपेरॉनला असा रिप्रेसर नाही. नवशिक्याने सुरुवात हिसपासून करावी, याचं तेही एक कारण.

म्युटेशन गुणसूत्रावर बसवणं

प्लाझ्मिडवर म्युटंट टीआरएनए देऊन काम भागत नाही. प्रती वाढल्या की मंद टीआरएनएसुद्धा संख्येच्या जोरावर काम निभावतो आणि परिणाम पुसला जातो. बदल गुणसूत्रावर, मूळ जागीच हवा.

हिस-आर एकटंच आणि अत्यावश्यक असल्यामुळे ते आधी काढून मग नवं घालणं जमत नाही. शिवाय ते एका छोट्या ऑपेरॉनमध्ये मधोमध बसलेलं आहे: आर्जिनिन, हिस्टिडिन, ल्यूसिन आणि प्रोलिन यांचे टीआरएनए एकाच लांब आरएनएतून कापून निघतात. मध्ये प्रतिजैविकाची कॅसेट किंवा तिचा उरलेला व्रण राहिला तर शेजाऱ्यांचं प्रमाण बदलतं आणि तुम्ही चार टीआरएनएंचा प्रयोग एकाच्या नावावर खपवता. म्हणून व्रण न ठेवणारी पद्धत हवी:

१. पीकेडी४६ प्लाझ्मिड (अरॅबिनोज दिल्यावर ओलिगो गुणसूत्रात बसवणारी प्रथिनं देणारं) असलेला स्ट्रेन ३० अंशांवर वाढवा, १० मिलिमोलर अरॅबिनोज द्या. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.५ ते ०.६ ला पेशी बर्फावर आणा आणि बर्फासारख्या थंड १०% ग्लिसेरॉलने तीनदा धुवा.

२. ७० ते ९० न्यूक्लिओटाइडांचा ओलिगो (एकेरी डीएनएचा छोटा तुकडा) घ्या. बदल मधोमध असावा आणि ओलिगो लॅगिंग तंतूवर बसेल असा असावा. टीआरएनएचा क्रम स्वतःवरच दुमडतो, त्यामुळे ओलिगोची गाठ पडते. संगणकावर घडी तपासा आणि ओलिगो थोडा डावी-उजवीकडे सरकवा. दोन्ही कडा टीआरएनएबाहेरच्या क्रमात गेल्या तर उत्तम. ज्या टीआरएनएच्या अनेक प्रती आहेत, त्यांच्या बाबतीत तर तो नियमच, नाहीतर ओलिगो भलत्या प्रतीत बसतो.

३. ०.१ सेंमी क्युव्हेट, १.८ किलोव्होल्ट. लगेच १ मिलि एसओसी घालून तासभर सावरू द्या.

४. म्यूट-एस (विजोड अक्षरं ओळखून दुरुस्ती सुरू करणारं प्रथिन) चालू असेल तर बहुतेक बदल दुरुस्त होऊन जातात. एक तर म्यूट-एस नसलेल्या स्ट्रेनमध्ये हे करा, किंवा ओलिगो आणि गुणसूत्र यांच्यात सी-सी अशी विजोड पडेल असा बदल निवडा. म्यूट-एसला ती विजोड जवळजवळ दिसतच नाही.

५. म्यूट-एस नसलेल्या स्ट्रेनमध्ये इतरही बदल साठतात, म्हणून शेवटी पी-१ फाजने (एका पेशीचा डीएनए दुसरीत नेणाऱ्या विषाणूने, म्हणजे ट्रान्सडक्शनने) बदल स्वच्छ स्ट्रेनमध्ये न्या. टीआरएनएपासून ५ ते १० किलोबेस अंतरावर, दोन जनुकांमधल्या निरुपद्रवी जागी प्रतिजैविकाची खूण आधी बसवून ठेवा. त्याच ट्रान्सडक्शनमधून बदल आलेल्या आणि न आलेल्या अशा दोन्ही बहिणी ठेवा. पुढे तुलना त्या बहिणींचीच करायची, मूळ एमजी१६५५ शी नव्हे.

मंद वाढणाऱ्या टीआरएनए म्युटंटात दुरुस्ती फार लवकर येते. हिस-आर आणि ट्रिप्टोफॅन टीआरएनएचं जनुक हे दोन्ही आर-आर-एन-सी आणि आर-आर-एन-ए या दोन रायबोसोमल ऑपेरॉनांच्या टापूत येतात. या दोन सारख्या क्रमांमध्ये अदलाबदल होऊन मधला भाग दुप्पट होणं नेहमीचंच. तसं झालं की टीआरएनएच्या दोन प्रती होतात आणि कल्चर अचानक ‘बरं’ वाढू लागतं. बदल बसवत असतानाच असं डुप्लिकेशन झालेलं असेल तर सिक्वेन्सिंगच्या आलेखात त्या एका जागी दोन शिखरं दिसतात, एक मूळ अक्षराचं आणि एक नव्याचं. ती कॉलनी टाकून द्या. नंतर दुप्पट झालेला म्युटंट मात्र या आलेखात पकडला जात नाही, कारण दोन्ही प्रती सारख्याच असतात. तिथे जनुकाची प्रतिसंख्या क्यूपीसीआरने मोजावी लागते. खरी कॉलनी मिळाल्याबरोबर उणे ८० अंशांत साठवा आणि दर प्रयोगाला तिथूनच ताजी रेघ ओढा.

प्लेटवरची पहिली चाचणी

साल्मोनेलात उघडा पडलेला हिस ऑपेरॉन डोळ्यांनी दिसतो. २% ग्लुकोज असलेल्या मिनिमल प्लेटवर मूळ स्ट्रेनची कॉलनी गुळगुळीत, चकचकीत, घुमटासारखी येते. म्युटंटची कॉलनी सुरकुतलेली, कडेला चुण्या पडलेली. हिस-एच आणि हिस-एफ ही दोन प्रथिनं अति झाल्याने पेशी नीट विभागत नाहीत, लांब तंतू होतात, आणि कॉलनीला सुरकुत्या पडतात. ०.२% ग्लुकोजवर हा फरक दिसण्याची अपेक्षा ठेवू नका.

दुसरी चाचणी ३-अमिनोट्रायाझोलची. हे रसायन हिस-बी एंझाइमला अडवतं. ऑपेरॉन उघडा असेल तर एंझाइम जास्त, म्हणून वाढ टिकते. १० ते २० मिलिमोलर या टप्प्यात मात्रा आपल्या स्ट्रेनवर पाहून ठरवा. रेल-ए बिघडलेला स्ट्रेन या प्लेटवर आपसूक मरतो. तो निकाल टीआरएनएचा समजू नका.

रिपोर्टर: एक नव्हे, चार

सगळा प्रयोग इथे उभा राहतो किंवा पडतो. लॅक-झेड, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज एंझाइमचं जनुक, हिस ऑपेरॉनच्या सुरुवातीच्या भागाला जोडा (ट्रान्सक्रिप्शनल फ्यूजन); ते चार प्रकारे बांधा, गुणसूत्रावर एकाच जागी, एकेक प्रत:

पहिलं पूर्ण: प्रवर्तक, लीडर, टर्मिनेटर, मग लॅक-झेड. दुसऱ्यात टर्मिनेटर काढून टाकलेला. तिसऱ्यात नुसता प्रवर्तक. चौथ्यात लीडरमधले सात हिस्टिडिन कोडॉन बदलून दुसऱ्या अमिनो आम्लाचे केलेले.

तिसरं फ्यूजन प्रवर्तकाचा आणि पीपीजीपीपीचा हिशोब देतं. लॅक-झेड वाचतानाही हिस्टिडिन टीआरएनए लागतो, तेव्हा म्युटंटमध्ये लॅक-झेडच कमी बनत असेल तर तेही इथेच कळतं. चौथ्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवा. म्युटंटमध्ये पहिलं फ्यूजन चढलं आणि चौथं हललं नाही, तरच परिणाम त्या कोडॉनांतून येतो असं म्हणता येतं. दोन्ही सारखेच चढले तर तुम्ही वाढीचा किंवा आरएनएच्या टिकाऊपणाचा परिणाम मोजताय. कोडॉन बदलताना एक धोका आहे: तीच अक्षरं आरएनएच्या गाठीतही भाग घेतात. म्हणून भरपाईची अक्षरंही बदला, आणि चौथं फ्यूजन आता नव्या अमिनो आम्लाच्या उपासमारीला उत्तर देतं की नाही ते दाखवा. तेवढं झालं तर चाचणी पक्की.

बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजताना: मिनिमल माध्यम, ०.२% ग्लुकोज, रात्रभराच्या कल्चरमधून इतकं पातळ करा की ओडी ०.३ ते ०.४ येईपर्यंत निदान चार-पाच पिढ्या जातील. झेड बफरमध्ये ६० मिलिमोलर डायसोडियम फॉस्फेट, ४० मिलिमोलर मोनोसोडियम फॉस्फेट, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, पीएच ७.०. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल त्याच दिवशी, १०० मिलिला ०.३५ मिलि. कल्चर आणि बफर मिळून १ मिलि, त्यात क्लोरोफॉर्मचे दोन थेंब, ०.१% एसडीएसचा एक थेंब, १० सेकंद व्होर्टेक्स, २८ अंशांवर ५ मिनिटं. मग ४ मिग्रॅ प्रति मिलिचं ओएनपीजी (एंझाइमने तुटून पिवळा रंग देणारं रसायन) ०.२ मिलि. पिवळा रंग आला की १ मोलर सोडियम कार्बोनेट ०.५ मिलि घालून थांबवा आणि घड्याळ लिहा.

समजा ४२० नॅनोमीटरला ०.६२, ५५० ला ०.०४, वेळ १८ मिनिटं, कल्चर ०.१ मिलि, ओडी ०.३५. ५५० च्या आकड्याला १.७५ ने गुणून ४२० मधून वजा करा: ०.५५. त्याला १००० ने गुणा, मग १८ गुणिले ०.१ गुणिले ०.३५ म्हणजे ०.६३ ने भागा. आले ८७३ युनिट. लांब तंतू झालेल्या पेशींचा ओडी पेशीसंख्येशी जुळत नाही, हे सुरकुतलेल्या म्युटंटांच्या बाबतीत लक्षात ठेवा. संशय आला तर एकूण प्रथिनावर भागा.

टर्मिनेटर किती वेळा ओलांडला गेला

लॅक-झेडला दुजोरा आरएनएवरून घ्यावा. टर्मिनेटरच्या आधीचा एक तुकडा आणि नंतरचा एक तुकडा आरटी-क्यूपीसीआरने मोजा. दोघांचं गुणोत्तर म्हणजे ओलांडणीचं माप, आणि त्यात प्रवर्तकाचा जोर आपोआप छाटला जातो.

इथली सर्वांत सामान्य चूक आरएनए काढतानाच होते. पुष्कळशा कॉलम किटांमध्ये २०० न्यूक्लिओटाइडांहून लहान आरएनए वाहून जातो. टर्मिनेटरवर सुटलेला लीडर त्याहून लहान असतो. म्हणजे मूळ स्ट्रेनमधले थांबलेले तुकडे नाहीसे होतात, ओलांडणी खोटी वाढते आणि म्युटंटशी फरक मिटतो. आम्ल फिनॉल आणि इथेनॉल वापरा, कॉलम नको. लीडरचा तुकडा ६० ते ८० बेसचा ठेवावा लागतो, कारण जागाच तेवढी. रँडम हेक्सामरऐवजी ठरावीक प्रायमर घ्या आणि उष्णता सोसणाऱ्या एंझाइमने ५० ते ५५ अंशांवर सीडीएनए बनवा, नाहीतर टर्मिनेटरची गाठ एंझाइमला अडवते.

आकडेमोड सोपी: समजा दोन तुकड्यांच्या सीटी-मधला (क्यूपीसीआरचा संकेत दिसू लागतो त्या चक्राच्या आकड्यांमधला) फरक मूळ स्ट्रेनमध्ये ४.१ आणि म्युटंटमध्ये १.९. फरकातला फरक २.२, म्हणजे दोनाचा २.२ वा घात, साधारण ४.६ पट. दोन्ही आरएनएंचं आयुष्य सारखं नसतं, म्हणून हा आकडा स्ट्रेनांच्या तुलनेपुरता. ‘इतके टक्के पॉलिमरेज ओलांडतात’ असं त्यावरून लिहू नका.

चार्जिंग: आम्ल जेल

टीआरएनएचं चार्ज होणं आणि रिकामं होणं सेकंदांच्या हिशोबात चालतं. कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलंत तेवढ्यात चित्र बदलतं. म्हणून वाढत्या कल्चरमध्येच तेवढंच थंड १०% ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल ओता आणि मगच पेशी गोळा करा. पुढे सगळं बर्फावर: ०.३ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.५, १० मिलिमोलर ईडीटीए, तेवढंच आम्ल फिनॉल. अमिनो आम्ल आणि टीआरएनए यांना जोडणारा एस्टर बंध अल्कलीत तुटतो, त्यामुळे ट्रिस बफरचा एक थेंबही चुकून येता कामा नये.

जेल ६.५% पॉलिॲक्रिलामाइड, ८ मोलर युरिया, ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.०. लांबी शक्यतो ४० सेंमी. थंड खोलीत, कमी व्होल्टेजवर, रात्रभर. बफर मधून बदला, कारण त्याचा पीएच सरकतो. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आधी ०.१ मोलर ट्रिस, पीएच ९.० मध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवून पूर्ण रिकामा करा आणि शेजारच्या खाचेत भरा. हा शेजारी नसेल तर वरची पट्टी चार्ज झालेली की नुसती म्युटंटची वेगळी घडी, हे सांगता येत नाही. एका अक्षराच्या बदलाने टीआरएनएची चाल बदलते, आणि ही गफलत खरोखर होते.

जेलवरचा आरएनए मेंब्रेनवर उतरवून प्रोबने (टीआरएनएला जुळणाऱ्या खूण-लावलेल्या तुकड्याने) शोधायचा असतो. प्रोब निवडताना ३७ वी जागा टाळा. तिथली सजावट प्रोबला नीट बसू देत नाही. मिआ-ए म्युटंटमध्ये ती सजावट नसते, प्रोब घट्ट बसतो, आणि टीआरएनए वाढल्याचा भास होतो. प्रमाणासाठी त्याच मेंब्रेनवर ५-एस आरएनए मोजा.

निकाल वाचायचा तो असा. प्रमाण कमी, चार्जिंगचा टक्का ठीक: पहिली वाट. प्रमाण ठीक, रिकामे जास्त: दुसरी. दोन्ही ठीक आणि तरी चार फ्यूजनांनी कोडॉनकडेच बोट दाखवलं, तर वाचन मंद आहे. हिस-टीचं चित्र हेच.

बॅसिलसमध्ये: टी-बॉक्स

बॅसिलस सबटिलिस आणि त्याच्या नातलगांत रिकामा टीआरएनए रायबोसोमशिवाय थेट एमआरएनएच्या लीडरला जाऊन भिडतो. त्याचा अँटिकोडॉन लीडरमधल्या ठरावीक कोडॉनशी जुळतो आणि ३-प्राइम टोक टी-बॉक्स या लीडरमधल्याच ठरावीक भागातल्या यूजीजीएन या अक्षरांशी. चार्ज झालेल्या टीआरएनएचं टोक अमिनो आम्लाने अडलेलं, म्हणून तो टर्मिनेटर उघडू शकत नाही. टायर-एस जनुकात हा कोडॉन यूएसीवरून यूयूसी केला तेव्हा ते टायरोसिनऐवजी फेनिलॲलनिनच्या उपासमारीला उत्तर देऊ लागलं. हे काम १९९३ चं.

यावरून म्युटेशनची मांडणी सरळ निघते. टीआरएनएची ७३ वी जागा बदललीत तर यूजीजीएनमधला शेवटचा एन जुळवून बदला. एकटा बदल बिघडवतो आणि जोडबदल सावरतो, असं दिसलं तर थेट जोडणी सिद्ध. इथे म्युटंट टीआरएनए जास्तीची प्रत म्हणून देता येतो, मूळ जनुकाला हात लावायची गरज पडत नाही.

नळीत करायचं असेल तर ग्लाय-क्यूएस चा लीडर घ्या. तो आटोपशीर आहे आणि शुद्ध घटकांत सजावटीविना बनवलेल्या ग्लायसिन टीआरएनएलाही उत्तर देतो. टी-७ पॉलिमरेज टोकाला एखादं जास्तीचं अक्षर चिकटवतं, तिकडे मात्र लक्ष ठेवा. सीसीएच्या पुढे एक अक्षर आलं की रिकामा टीआरएनए चार्ज झाल्यासारखा वागतो. टेम्प्लेट तंतूच्या ५-प्राइम टोकाच्या शेवटच्या दोन जागांवर २-प्राइम-ओ-मिथाइल ठेवलं तर हे बरंच कमी होतं.

दुर्मीळ कोडॉनचे टीआरएनए

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरमध्ये यूयूए वाचणारा एकच टीआरएनए, बीएलडी-ए. तो गेला तरी तळातली वाढ जवळजवळ ठीक राहते, कारण हा कोडॉन अत्यावश्यक जनुकांत नाही. पण हवेत उभे राहणारे तंतू येत नाहीत आणि ॲक्टिनोरोडिनचा निळा रंगही नाही. रंग का नाही, तर ॲक्टिनोरोडिनच्या स्विच-जनुकात, ॲक्ट-टू ओआरएफ-फोरमध्ये, एक टीटीए (यूयूएचंच डीएनएतलं रूप) आहे. तंतूंमागे एडीपी-ए मधला टीटीए. चाचणी तीच: त्या जनुकातला टीटीए बदलून सीटीसी करा आणि बीएलडी-ए म्युटंटमध्ये घाला. रंग परतला आणि तंतू आले नाहीत, तर दोन धागे वेगळे झाले. ग्लुकोजऐवजी मॅनिटॉल दिलं तर म्युटंटमध्येही तंतू येतात, तेव्हा प्लेट ओतताना कार्बनचा स्रोत कोणता, ते डबीवर लिहून ठेवा. रंग बघतानाही एक खबरदारी: ॲक्टिनोरोडिन आम्लात लाल दिसतं. ‘निळा नाही’ असं लिहिण्याआधी प्लेट उलटी करून अमोनियाची वाफ द्या.

मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या ई. कोलाय ५३६ मध्ये ल्यू-एक्स हा टीआरएनए असाच. तो यूयूजी वाचतो. फिम्ब्रियांचा (चिकटायला लागणाऱ्या केसांसारख्या तंतूंचा) स्विच फिरवणाऱ्या फिम-बी मध्ये असे पाच कोडॉन आहेत, त्यामुळे ल्यू-एक्स गेला की टाइप-१ फिम्ब्रिया जातात. इथे एक वेगळा सापळा आहे: रोगकारकतेचं बेट याच जनुकात घुसलेलं असतं आणि सुटताना टीआरएनए मोडून जातं. बेटातली जनुकं गेल्याचा परिणाम आणि टीआरएनए गेल्याचा परिणाम वेगळे करायला नुसता ल्यू-एक्स परत घालून पाहा.

दोष टीआरएनएचा नसतानाही

अख्खं टीआरएनए जनुक काढलंत तर त्याच्या आजूबाजूचा छाटला जाणारा आरएनएही जातो. ई. कोलायच्या ग्लाय-डब्ल्यू, सिस-टी, ल्यू-झेड या ऑपेरॉनचा ३-प्राइम बाजूचा छाटलेला तुकडा राय-एच-बी आणि राय-बी-बी या छोट्या नियंत्रक आरएनएंना शोषून घेतो. तो काढला की लोहाशी संबंधित जनुकं हलतात, आणि त्याचा सिस्टीन किंवा ल्यूसिनच्या वाचनाशी काहीही संबंध नसतो. म्हणून काढून टाकण्याऐवजी टीआरएनएच्या आतला एक-अक्षरी बदल केव्हाही सरस. कडांचे तुकडे जसेच्या तसे राहतात.

म्युटंट मूळ स्ट्रेनपेक्षा सावकाश वाढत असेल, तर मूळ स्ट्रेनला ग्लिसेरॉल किंवा ॲसिटेटवर तितकंच सावकाश वाढवून चारही फ्यूजनं पुन्हा मोजा. तिथेही पहिलं फ्यूजन चढलं तर आधीच्या आकड्यातून तेवढा वाटा वजा धरावा लागेल. रेल-ए काढलेल्या स्ट्रेनमध्येही एकदा करा. मात्र स्पॉट-टी (पीपीजीपीपी बनवणारं दुसरं एंझाइम) सोबत काढू नका, कारण दोन्ही गेल्यावर पेशी अमिनो आम्लांशिवाय मिनिमल माध्यमात उभी राहत नाही आणि ती अमिनो आम्लं घातलीत की ज्या उपासमारीवर प्रयोग बेतला आहे तीच संपते.